पाठ दुखते? तरीही सायकलची लांबची सहल शक्य आहे

ग्रुपवर मेसेज येतो, ‘डिसेंबरमध्ये कोची ते तिरुवनंतपुरम, सायकलने, ५ दिवस. कोण कोण येतंय?’ पटापट होकार यायला लागतात. तुम्हीही ‘मी येतो’ टाइप करायला घेता आणि दुसरा हात नकळत कंबरेवर जातो. रविवारी जेमतेम ३० किलोमीटर सायकल चालवली तरी संध्याकाळी खुर्चीतून उठताना ‘आई गं’ म्हणावं लागतं. मग सलग ५ दिवस कसं जमायचं?

बहुतेकांना जमू शकतं. त्यासाठी महागडी सायकल लागत नाही आणि वेदना सहन करण्याची जिद्दही लागत नाही. लागते ती थोडी आधीची तयारी आणि पाठीला नेमकं काय खटकतं याची समज.

पाठदुखीच्या बाबतीत तुम्ही एकटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यातल्या १० पैकी साधारण ९ जणांच्या दुखण्यामागे एखादा ठरावीक आजार किंवा इजा सापडत नाही. बसणं, वाकणं, ओझं उचलणं, अपुरी झोप, मनावरचा ताण अशा अनेक गोष्टी मिळून पाठ दुखत असते. याच संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायामाला जागा आहे, पण कंबरेच्या पट्ट्याची नेहमीचा उपचार म्हणून शिफारस नाही. थोडक्यात, हालचाल ही पाठीची शत्रू नाही.

मात्र तुमची चकती सरकल्याचं निदान झालं असेल, मणक्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा हाडं ठिसूळ झाली असतील, तर पुढचं सगळं करण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी किंवा फिजिओथेरपिस्टशी बोला.

पाठीला नेमकं काय खटकतं?

चालताना प्रत्येक पावलाला कंबर थोडी फिरते, थोडी सैल होते. सायकलवर तसं होत नाही. मिनिटाला ८० वेळा पायडल फिरवलं तर तासाभरात ४,८०० फेरे होतात. पाय इतके राबत असताना कंबर मात्र एकाच कोनात वाकून गोठल्यासारखी असते. पुढे झुकलेलं धड तोलून धरण्याचं काम पाठीचे स्नायू सुट्टी न घेता करत राहतात. ते थकले की पाठीला पोक येतं आणि भार मणक्यांमधल्या चकत्यांवर आणि अस्थिबंधांवर येतो. त्यात रस्त्यावरचे खड्डे आणि खांद्यावरची सॅक यांची भर पडते.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. पाठ किलोमीटरपेक्षा एकसारखेपणाला जास्त कंटाळते. तिला बदल हवा असतो. सायकलचं माप, सामान, थांबे, रात्रीची झोप या सगळ्यात हाच धागा धरून चला.

आधी सायकल तुमच्या मापाची करा

बहुतेक जण दुकानातून जशी आली तशीच सायकल वर्षानुवर्षं चालवतात. घरातला मुलगा आणि बाबा एकाच सायकलवर, एकाच उंचीच्या सीटवर बसतात. लांबच्या प्रवासात ही तडजोड पाठीला महागात पडते. सायकल भिंतीजवळ उभी करा, सहलीचेच बूट घाला, एक एलन की आणि मोजपट्टी घ्या आणि घरातल्या कोणाला तरी मदतीला बोलवा.

सीटची उंची आधी बघा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलायला नको. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हलका बाक राहतो. आकड्यात हवं असेल तर टूर द फ्रान्स ३ वेळा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखलं जाणारं एक सूत्र आहे. अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा आणि तिला ०.८८३ ने गुणा. उंची ७८ सेंटिमीटर भरली तर उत्तर जवळपास ६९ येतं. पायडलच्या दांड्या जिथे जोडलेल्या असतात त्या मधल्या बिंदूपासून सीटच्या वरच्या कडेपर्यंतचं हे अंतर. सुरुवात इथून करा, मग गरजेप्रमाणे थोडं वरखाली करा.

सीट जास्त उंच असेल तर प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवीकडे डोलते. हे स्वतःला कळत नाही. मित्राला मागून सायकल चालवत यायला सांगा, त्याला लगेच दिसेल. पाठदुखीचं हे अगदी नेहमीचं आणि फुकटात दुरुस्त होणारं कारण आहे.

त्यानंतर सीटचा कल. सीटचं टोक वर उचललेलं असेल तर ओटीपोट मागे ढकललं जातं आणि कंबर गोल होते. १९९९ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये इस्रायली डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हौशी सायकलस्वारांच्या सीटचं टोक १० ते १५ अंश खाली केल्यावर त्यांच्यापैकी ७० टक्क्यांहून जास्त लोकांची कंबरदुखी कमी झाली. तुम्ही मात्र एकदम इतका बदल करू नका. आधी सीट सपाट करा, मग २-३ अंशांनी टोक खाली आणा. बसल्यावर पुढे घसरायला होत असेल आणि हातांवर भार येत असेल तर कल जास्त झाला असं समजा.

आता हँडल. ते लांब आणि खाली असेल तर तुम्ही सतत ताणलेले राहता. पाठ दुखणाऱ्यांनी हँडल सीटच्या पातळीवर किंवा २-३ सेंटिमीटर वर ठेवावं. हँडल धरल्यावर कोपरात हलका बाक राहिला पाहिजे. पुरुषांच्या मापाची सायकल वापरणाऱ्या अनेक स्त्रियांना हँडल दूर पडतं. हँडल धरणारा पुढचा दांडा, म्हणजे स्टेम, आखूड बसवला की हा त्रास कमी होतो. सायकलच्या दुकानात हे काम लवकर होतं.

‘मग अगदी ताठ बसवणारी जुनी काळी सायकलच बरी,’ असं वाटेल. गावात फिरायला ती छानच. पण ताठ बसलं की सगळा भार सीटवर येतो आणि प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट मणक्यात जातो. थोडं पुढे झुकलेलं, पण कंबरेतून पोक न काढता खुब्यातून वाकलेलं शरीर हादरे हात, पाय आणि सीट यांच्यात वाटून देतं.

टायरकडेही बघा. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर खराब रस्त्यावर पाठीला खूप आराम देतात. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची कमाल आणि किमान मर्यादा छापलेली असते. कमाल मर्यादेपर्यंत हवा भरून टायर दगडासारखा करू नका.

हे सगळे बदल एकाच दिवशी करू नका. जुन्या जागी टेपने खूण करा, एका वेळी एकच गोष्ट थोडी बदला आणि २-३ फेऱ्या मारून बघा. नाहीतर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं हे कळणारच नाही.

ओझं सायकलवर, पाठीवर नको

पाण्याची बाटली, रेनकोट, पॉवरबँक, कपडे असं करत सॅक सहज ५-६ किलोंची होते. पुढे झुकलेल्या पाठीला हे वजन तासन् तास तोलावं लागतं. शिवाय घामाने पाठ भिजते ती वेगळीच. लांबच्या सहलीत सॅक घरीच ठेवा.

मागे मजबूत कॅरिअर बसवा आणि दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा लावा. दोन्हींचं वजन सारखं ठेवा आणि जड वस्तू तळाशी भरा. पाणी फ्रेमवरच्या स्टँडमध्ये, तर पैसे, मोबाइल आणि खाऊ हँडलवरच्या छोट्या पिशवीत. लॉजवर राहणार असाल तर ८-१० किलोंत ५ दिवसांचं सामान आरामात बसतं. भरून झाल्यावर बॅगा उघडा आणि ‘लागलं तर असू दे’ म्हणून घेतलेल्या वस्तू बाहेर काढा.

२ महिने आधीपासून

पाठीची तयारी जिममध्येच होते असं नाही, घरातल्या सतरंजीवरही होते. कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले ३ व्यायाम पाठदुखीसाठी जगभर वापरले जातात.

पहिल्यात पाठीवर झोपून एक गुडघा वाकवा, हात कंबरेखाली ठेवा आणि फक्त डोकं-खांदे किंचित उचला. दुसऱ्यात कुशीवर होऊन कोपर आणि गुडघ्यांच्या आधाराने कंबर उचलून धरा. तिसऱ्यात हात-गुडघ्यांवर ओणवे व्हा आणि उजवा हात व डावा पाय सरळ ताणा, मग उलट करा. प्रत्येक स्थिती ८-१० सेकंद धरा आणि काही वेळा करा. श्वास रोखू नका. योगाभ्यास करणाऱ्यांनी सेतुबंधासन, मार्जारासन आणि सहन होईल इतपत भुजंगासन त्यात जोडावं. मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर खुब्यातून वाकता येत नाही आणि ती कसर कंबर भरून काढते. म्हणून त्यांना रोज हलका ताण द्या.

सायकलचं अंतर हळूहळू वाढवा. एकदम ७० किलोमीटर करण्यापेक्षा शनिवारी ३० आणि रविवारी पुन्हा ३० जास्त उपयोगी, कारण सहलीत दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसायचं असतं. निघण्यापूर्वी १५ दिवस पूर्ण सामान लावून एका रात्रीची सहल करून बघा. काय टोचतं आणि काय दुखतं ते घराजवळच कळलेलं बरं.

आणि ऑफिसची खुर्ची विसरू नका. दिवसभर ८ तास पोक काढून बसायचं आणि रविवारी सायकलला दोष द्यायचा, हे सायकलवर अन्यायकारक आहे!

रस्त्यावर: दर पाऊण तासाला खाली उतरा

पाठ दुखायला लागल्यावर थांबलात तर उशीर झालेला असतो. दुखण्याआधी थांबा. मोबाइलवर ४५ मिनिटांचा गजर लावा. गजर झाला की सायकल स्टँडवर, ५ मिनिटं चालणं आणि मग दोन्ही हात कंबरेवर ठेवून हळूच ५-६ वेळा मागे वाकणं. इतका वेळ पुढे झुकलेल्या पाठीला हा उलटा बदल मिळतो. चहाच्या टपरीवर थांबलात तर लगेच बाकड्यावर बसू नका, आधी उभ्याने चहा घ्या.

सायकलवर असतानाही बदल करत राहा. दर १०-१५ मिनिटांनी हँडलवरच्या हातांची जागा बदला. अधूनमधून पायडलवर उभे राहून १०-१५ सेकंद चालवा. खांदे कानाजवळ गेले असतील तर खाली सोडा. गतिरोधक किंवा खड्डा दिसला की सीटवरून थोडं उठा, गुडघे आणि कोपरं वाकलेली ठेवा. पाय स्प्रिंगचं काम करतील आणि हादरा पाठीपर्यंत पोहोचणार नाही.

चढावर जड गिअर रेटू नका. जड गिअरमध्ये प्रत्येक फेऱ्याला कंबर ताणली जाते. हलक्या गिअरमध्ये पाय भरभर फिरवा. त्यातही दम लागला तर उतरून चाला. चढ चालत चढण्यात कमीपणा काहीच नाही, उलट पाठीला मिळणारा तो सगळ्यात चांगला बदल आहे.

एक सावधगिरी औषधांची. ‘सकाळीच एक वेदनाशामक गोळी घेऊ म्हणजे दिवसभर बघायला नको,’ असं करू नका. उन्हात घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. शिवाय गोळीने दुखण्याचा इशारा दबतो आणि आपण मर्यादेपलीकडे चालवत राहतो. गोळी हवीच असेल तर कोणती आणि किती, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

उदाहरणार्थ, केरळचा किनारा

ग्रुपवरच्या त्या मेसेजकडे पुन्हा वळू या. कोची ते तिरुवनंतपुरम हे अंतर किनाऱ्याने साधारण २२० किलोमीटर. उत्साही मंडळी ते २ दिवसांत करतात. पाठ सांभाळून जायचं तर ५ दिवस असे वाटता येतील: फोर्ट कोची ते अलप्पुळा सुमारे ५५ किलोमीटर, तिथून कायमकुळम ४५ ते ५०, पुढे कोल्लम ४०, मग वर्कला ३० आणि शेवटच्या दिवशी तिरुवनंतपुरम ४५.

इथे एक गंमत आहे. कोल्लमपर्यंतचा रस्ता जवळपास सपाट आहे, त्यामुळे तो सोपा वाटतो. पायांना तो सोपा आहेही, पण पाठीला नाही. चढ नाही म्हणून तुम्ही उभे राहत नाही, उतार नाही म्हणून पायडल थांबवत नाही आणि तासभर त्याच स्थितीत बसून राहता. कोकणातल्या किनारी रस्त्यावर खाडी उतरा, डोंगर चढा असं सतत चालतं. त्यात पाय थकतात, पण पाठीला बदल मिळत राहतो. म्हणून सपाट रस्त्यावर गजर जास्त काटेकोरपणे पाळा. मरारीच्या किनाऱ्यावर थांबा, वाळूत १० मिनिटं अनवाणी चाला, मग पुढे जा.

चौथा दिवस मुद्दाम फक्त ३० किलोमीटरचा ठेवला आहे. सकाळी लवकर निघालात तर ११ च्या आत वर्कलाच्या लाल कड्यावर पोहोचाल. अर्धा दिवस पाठीला विश्रांती आणि समुद्राकाठी पायी भटकंती. पाचव्या दिवशी रस्त्याला चढ-उतार सुरू होतात, तेव्हा ही विश्रांती कामी येते.

डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस तिथे पावसाच्या दृष्टीने बरे. तरीही ऊन आणि दमट हवा असतेच, त्यामुळे उजाडताच निघा आणि दुपारपर्यंत मुक्काम गाठा.

मुक्कामावर पोहोचल्यावर

पाठ दुखावण्याची मोठी शक्यता सायकल थांबल्यानंतर असते. तासन् तास वाकलेल्या कंबरेचे अस्थिबंध थोडे सैल झालेले असतात. अशा वेळी सामानासकट सायकल उचलून लॉजच्या पायऱ्या चढायला गेलात की कळ येते. आधी ५-१० मिनिटं चाला, मग बॅगा काढा, एकेक करून वर न्या आणि सायकल शेवटी, शक्यतो दोघांनी मिळून. परतीच्या रेल्वेप्रवासातही सायकल पार्सल ऑफिसमध्ये बुक करा. ती स्वतः डब्यात चढवण्याची धडपड नको.

लॉजची गादी मध्येच खचलेली निघाली तर ती जमिनीवर घेता येते का बघा, नाहीतर सतरंजीवर जाड चादर टाका. पाठीवर झोपत असाल तर गुडघ्यांखाली उशी घ्या, कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांमध्ये.

सकाळी उठल्या उठल्या खाली वाकून पायाची बोटं धरण्याचा व्यायाम टाळा. रात्रभर आडवं पडल्यामुळे मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. या वेळी वाकण्याचा ताण चकत्यांवर जास्त येतो. अर्धा-पाऊण तास चाला, आवराआवर करा, चहा-नाश्ता उरका आणि मग सायकलवर बसा. पहिली २० मिनिटं अगदी सावकाश.

कधी थांबायचं?

थकून पाठ भरून येणं आणि इजेचं दुखणं यात फरक असतो. दुखण्याला १० पैकी गुण द्या. ३ पर्यंत असेल आणि थांबल्यावर ओसरत असेल तर सावकाश चालू ठेवा. ४-५ झालं तर दिवसाचं अंतर कमी करा. त्याहून जास्त असेल किंवा रात्रीच्या विश्रांतीनंतरही उतरलं नाही, तर पुढचा टप्पा बसने किंवा रेल्वेने गाठा.

दुखणं कुठे जातंय याकडेही लक्ष ठेवा. कंबरेतून ते मांडीत, पोटरीत, पावलापर्यंत उतरत असेल तर सायकल थांबवा. पायातून वर सरकत कंबरेपुरतं उरत असेल तर ते साधारणपणे चांगलं लक्षण मानलं जातं.

पुढील लक्षणं दिसली तर मात्र एक तासही वाट बघू नका, जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा किंवा ११२ ला फोन करा:

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं किंवा लघवी अडणं.
जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा. सीटच्या दाबाने आलेली बधिरता खाली उतरल्यावर काही मिनिटांत जाते. ती गेली नाही तर धोका समजा.
पायातली ताकद जाणं, पाऊल उचलताना फरफटणं.
पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र पाठदुखी किंवा पाठदुखीसोबत ताप.

सोबत्यांना हे आधीच सांगून ठेवा. ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको’ या संकोचापायी अनेक जण दुखणं लपवतात आणि छोटी गोष्ट मोठी होते. निघण्याआधीच ठरवून घ्या की दर पाऊण तासाला सगळेच थांबतील. बघा, ज्यांची पाठ दुखत नाही तेही मनातून खूश होतील.

डिसेंबरला वेळ आहे. येत्या रविवारी फक्त एवढंच करा: घरातल्या कोणाला तरी मागून बघायला सांगा आणि सायकल चालवताना तुमची कंबर डोलते का ते तपासा. डोलत असेल तर सीट अर्धा सेंटिमीटर खाली घ्या आणि पुन्हा एक फेरी मारून या. ग्रुपवर ‘मी येतो’ किंवा ‘मी येते’ लिहायचं की नाही, ते अशा ३-४ रविवारांनंतर तुमची पाठच तुम्हाला सांगेल.